सागरी मार्गाने येणाऱ्या मालाचे आयात घोषणापत्र : त्रुटींची कारणे आणि त्या टाळण्याचे उपाय

बीजशब्द : सीमाशुल्क, बिल ऑफ एन्ट्री, स्वयंनिर्धारण, वर्गीकरण, मूल्यनिर्धारण, न्हावा शेवा

१. प्रस्तावना

भारताच्या परराष्ट्र व्यापारात सागरी वाहतुकीचे स्थान अनन्यसाधारण आहे. केंद्र शासनाच्या बंदरे व जहाजवाहतूक मंत्रालयाच्या मांडणीनुसार आकारमानाच्या सुमारे ९५ टक्के आणि मूल्याच्या सुमारे ७० टक्के व्यापार समुद्रमार्गे होतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात, न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर हे देशातील कंटेनर वाहतुकीचे एक प्रमुख केंद्र आहे. या बंदरात उतरणारा प्रत्येक कंटेनर देशांतर्गत बाजारपेठेत येण्यापूर्वी एका दस्तऐवजाच्या चाळणीतून जातो. हा दस्तऐवज म्हणजे आयात घोषणापत्र, अर्थात व्यवहारात रूढ असलेले 'बिल ऑफ एन्ट्री'.

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत या दस्तऐवजाचा परिचय बहुधा एका परिच्छेदात आटोपतो. आयातदाराने तो भरावा, सीमाशुल्क अधिकाऱ्याने तपासावा आणि शुल्क भरून माल सोडवावा, एवढेच त्याचे चित्र विद्यार्थ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात मात्र या घोषणापत्रातील एका आकड्याची किंवा एका शब्दाची चूक माल बंदरात अडकवून ठेवते, जादा शुल्क भरावयास लावते आणि प्रसंगी आयातदारावर खोट्या घोषणेचा ठपका आणते. मोठ्या उद्योगसमूहांकडे अशा बाबींसाठी स्वतंत्र विभाग असतो. लघुउद्योजक, प्रथमच आयात करणारा व्यापारी किंवा प्रयोगशाळेसाठी उपकरण मागविणारे महाविद्यालय यांच्याजवळ ती सोय नसते. म्हणून या त्रुटींचे स्वरूप समजून घेणे ही केवळ व्यावसायिकांची गरज नाही. शैक्षणिक संस्थांनाही तिचा थेट संबंध येतो.

२. लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) आयात घोषणापत्राची कायदेशीर चौकट थोडक्यात स्पष्ट करणे.
२) सागरी आयातीत वारंवार उद्भवणाऱ्या त्रुटींचे वर्गीकरण करून त्यांची कारणे शोधणे.
३) प्रामाणिक चूक आणि हेतुपुरस्सर खोटी घोषणा यांतील फरक विशद करणे.
४) त्रुटी टाळण्याचे व झालेल्या त्रुटी दुरुस्त करण्याचे मार्ग सांगणे.

विवेचनासाठी सीमाशुल्क अधिनियम, १९६२, सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५, त्यांखालील नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय यांचा आधार घेतला आहे. लेखातील हिशेबाची उदाहरणे काल्पनिक असून ती केवळ स्पष्टीकरणासाठी दिली आहेत.

३. घोषणापत्राची कायदेशीर चौकट

सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ४६ नुसार आयातदाराने बिल ऑफ एन्ट्री इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल करावयाचे असते. देशांतर्गत वापरासाठी, गोदामात ठेवण्यासाठी आणि गोदामातून बाहेर काढण्यासाठी त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत. 'आइसगेट' या संकेतस्थळावरून ते सादर होते. बीजक, वेष्टनसूची, भरणपत्र म्हणजेच बिल ऑफ लेडिंग, विमापत्र, मूळ देशाचा दाखला इत्यादी कागदपत्रे 'ई-संचित' प्रणालीत जोडली जातात.

या चौकटीतील सर्वांत महत्त्वाचा बदल २०११ मध्ये झाला. त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने कलम १७ मध्ये दुरुस्ती करून 'स्वयंनिर्धारण' आणले. तत्पूर्वी शुल्क ठरविण्याची प्राथमिक जबाबदारी अधिकाऱ्याची होती. आता मालाचे वर्गीकरण, मूल्य, शुल्काचा दर आणि सवलत हे सर्व आयातदारानेच ठरवून घोषित करावयाचे असते, आणि अधिकारी त्याची पडताळणी करतो. २०१८ मध्ये कलम ४६ मध्ये पोटकलम (४ए) समाविष्ट झाले. त्यानुसार दिलेली माहिती अचूक व परिपूर्ण असणे, जोडलेली कागदपत्रे अस्सल व वैध असणे आणि मालावरील निर्बंधांचे पालन झालेले असणे या तिन्ही गोष्टींची खात्री आयातदाराने करणे बंधनकारक आहे.

दुसरा बदल २०२० मधील 'अनामिक' अर्थात फेसलेस निर्धारणाचा. न्हावा शेवा येथे उतरलेल्या मालाचे घोषणापत्र आता दुसऱ्याच शहरातील अधिकाऱ्यासमोर जाऊ शकते. पूर्वी कागद घेऊन अधिकाऱ्याला समक्ष भेटता येई आणि शंकेचे तोंडी निरसन करता येई. तो मार्ग आता बव्हंशी बंद झाला आहे. परिणामी जे काही सांगावयाचे ते घोषणापत्रात आणि जोडपत्रांतच सांगणे भाग आहे. मोघम वर्णन पूर्वी चालून जाई, आज त्यावर हमखास विचारणा होते. विचारणा, उत्तर आणि पुन्हा विचारणा या फेऱ्यांत कंटेनरचे मोफत दिवस संपून जातात.

४. त्रुटींचे प्रकार व कारणे

४.१ मालसूची आणि भरणपत्र यांतील विसंगती

सागरी आयातीची विशेष अडचण अशी की एकाच मालाची नोंद तीन वेगवेगळे पक्ष करतात. निर्यातदार बीजक तयार करतो, जहाज कंपनी किंवा तिचा प्रतिनिधी कलम ३० खाली जहाजाची आयात मालसूची सादर करतो, आणि आयातदार बिल ऑफ एन्ट्री दाखल करतो. संगणकीय प्रणाली घोषणापत्रातील भरणपत्र क्रमांक, नगसंख्या, एकूण वजन आणि कंटेनर क्रमांक यांची मालसूचीशी तुलना करते. यांत तफावत आढळली की पुढील प्रक्रिया खोळंबते.

अनेक आयातदारांचा माल एकाच कंटेनरमध्ये येतो तेव्हा ही शक्यता वाढते. अशा वेळी जहाज कंपनीचे 'मास्टर' भरणपत्र वेगळे आणि माल एकत्र करणाऱ्या संस्थेने दिलेले 'हाऊस' भरणपत्र वेगळे असते. एकाच्या जागी दुसऱ्याचा क्रमांक लिहिणे, निव्वळ वजन आणि ढोबळ वजन यांची गल्लत करणे, बीजकातील नगांची संख्या म्हणजे खोक्यांची संख्या असे समजणे, या चुका नेहमीच्या आहेत. पाचशे नग वीस खोक्यांत आले असतील तर मालसूचीत वीस ही संख्या असते, पाचशे नव्हे. चूक मालसूचीतच असेल तर ती आयातदाराला दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी मालसूची सादर करणाऱ्यानेच अर्ज करावा लागतो. म्हणून भरणपत्राचा कच्चा मसुदा निर्यातदाराकडून मागवून जहाज निघण्यापूर्वीच तपासणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

कंटेनर क्रमांकाची अचूकता तपासण्याची एक सोपी गणिती रीत उपलब्ध आहे. आयएसओ ६३४६ या मानकानुसार प्रत्येक क्रमांकात चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक तपास-अंक असतो. ए या अक्षरास १० हे मूल्य देऊन पुढे चढत्या क्रमाने मूल्ये दिली जातात, मात्र ११ च्या पटीतील ११, २२ व ३३ या संख्या वगळल्या जातात. प्रत्येक स्थानाच्या मूल्यास अनुक्रमे १, २, ४, ८ असे ५१२ पर्यंत दुपटीने वाढणाऱ्या संख्यांनी गुणून बेरीज करावी व तिला ११ ने भागावे. येणारी बाकी म्हणजे तपास-अंक. बाकी १० आल्यास तो ० धरतात. उदाहरणार्थ, 'सीएसक्यूयू ३०५४३८' या क्रमांकातील अक्षरांची मूल्ये १३, ३०, २८ व ३२ अशी आहेत. अक्षरांची बेरीज ४४१ आणि अंकांची ५७४४, एकूण ६१८५ येते. तिला ११ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून पूर्ण क्रमांकाचा शेवट ३ ने होतो. टंकलेखनात ५ व ४ यांची अदलाबदल होऊन ३०४५३८ असे लिहिले गेले, तर बेरीज ६२४९ व बाकी १ येते. चूक तत्काळ उघडकीस येते. हे गणित संगणकाच्या तक्त्यात एकदा मांडून ठेवले की प्रत्येक क्रमांकाची पडताळणी क्षणात होते.

४.२ वर्णन आणि वर्गीकरण

शुल्काचा दर, आयातीवरील निर्बंध आणि सवलतीची पात्रता या तिन्ही गोष्टी मालाच्या वर्गीकरणावर अवलंबून असतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेची 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' १९८८ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर अमलात आहे. तिचे पहिले सहा अंक सर्व देशांत समान असतात. भारतात आठ अंकी शीर्षे वापरली जातात. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : निर्यातदाराने बीजकावर छापलेला सांकेतांक त्याच्या देशापुरता बरोबर असला, तरी त्याचे शेवटचे अंक भारतीय दरपत्रकाशी जुळतीलच असे नाही. तो क्रमांक जसाच्या तसा उतरविणे हे वर्गीकरणातील चुकांचे एक मोठे कारण आहे.

वर्गीकरण मालाच्या बाजारातील नावावरून होत नाही. ते दरपत्रकाच्या सर्वसाधारण अर्थान्वय नियमांनुसार होते. पहिला नियम सांगतो की वर्गीकरण शीर्षांच्या शब्दांनुसार आणि विभाग व प्रकरणांच्या टिपांनुसार करावे. विभागांची व प्रकरणांची नावे केवळ संदर्भाच्या सोयीसाठी आहेत. महाविद्यालयीन प्रयोगशाळेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 'प्रयोगशाळा साहित्य' असे एकच वर्णन लिहून सर्व वस्तू शास्त्रीय उपकरणांच्या ९० व्या प्रकरणात टाकण्याकडे कल असतो. तथापि काचेची प्रयोगशालेय भांडी ७०१७ या शीर्षात जातात. सेंट्रिफ्यूज हे यंत्र ८४२१ मध्ये आणि संयुक्त सूक्ष्मदर्शक ९०११ मध्ये येते. पाच सेंटिग्रॅम किंवा त्याहून सूक्ष्म वजन दाखविणारा तराजू ९०१६ मध्ये मोडतो.

शैक्षणिक प्रात्यक्षिकांच्या नमुन्यांसाठी ९०२३ हे शीर्ष आहे. त्यामुळे महाविद्यालयाने मागविलेले कोणतेही उपकरण त्यात बसेल असा समज होऊ शकतो. मात्र त्या शीर्षाची अट अशी की वस्तू अन्य उपयोगास अयोग्य असली पाहिजे. सूक्ष्मदर्शक महाविद्यालयात वापरला काय किंवा रुग्णालयात वापरला काय, त्याचा उपयोग बदलत नाही. म्हणून तो ९०२३ मध्ये जात नाही. सुट्या भागांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. सेंट्रिफ्यूजसाठी वेगळी मागविलेली विद्युत मोटर ही 'सेंट्रिफ्यूजचा भाग' ठरत नाही. मोटरसाठी ८५०१ हे स्वतंत्र शीर्ष असल्याने ती तेथेच वर्गीकृत होते.

वर्णन लिहिताना वस्तूचे नाव, प्रतिमान क्रमांक, घटकद्रव्य, कार्य, नवे की वापरलेले, आणि मोजमापाचे एकक ही माहिती आवश्यक आहे. दरपत्रकात किलोग्रॅम हे एकक असताना नगसंख्या लिहिणे ही वरवर क्षुल्लक, पण विलंबास कारण होणारी चूक आहे.

४.३ मूल्यनिर्धारण

कलम १४ आणि २००७ चे सीमाशुल्क मूल्यनिर्धारण नियम यांनुसार शुल्क मुख्यतः व्यवहारमूल्यावर आकारले जाते. नियम १० नुसार त्यात आयातीच्या ठिकाणापर्यंतचा वाहतूक खर्च आणि विमा मिळवावा लागतो. येथे सौदा कोणत्या अटीवर झाला हे निर्णायक ठरते. सौदा 'एफओबी' असेल तर बीजकातील किमतीत सागरी भाडे व विमा समाविष्ट नसतो. 'सीआयएफ' असेल तर दोन्ही समाविष्ट असतात. सौदा 'एक्स-वर्क्स' असेल तर कारखान्यापासून परदेशी बंदरापर्यंतचा खर्चही मिळवावा लागतो. सीआयएफ किमतीत पुन्हा भाडे मिळविणे किंवा एफओबी किमतीलाच अंतिम मूल्य मानणे या दोन परस्परविरुद्ध चुका याच अज्ञानातून होतात. पहिलीत जादा शुल्क जाते, दुसरीत कमी भरले जाते.

वाहतूक खर्च निश्चित करता येत नसेल तर नियमानुसार तो एफओबी मूल्याच्या २० टक्के, आणि विम्याचा खर्च १.१२५ टक्के धरला जातो. एका काल्पनिक उदाहरणाने याचा परिणाम पाहू. एका उपकरणाचे एफओबी मूल्य १०,००० डॉलर, प्रत्यक्ष सागरी भाडे ८०० डॉलर आणि विमा ५० डॉलर आहे. पुरावे जोडल्यास निर्धारणीय मूल्य १०,८५० डॉलर होते. भाड्याची व विम्याची पावती नसल्यास ते १०,००० अधिक २,००० अधिक ११२.५०, म्हणजे १२,११२.५० डॉलर होते. फरक १,२६२.५० डॉलरचा. हिशेबाच्या सोयीसाठी विनिमय दर ८० रुपये धरल्यास हा फरक १,०१,००० रुपये होतो. मूळ सीमाशुल्क १० टक्के, त्यावर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार आणि १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर गृहीत धरल्यास एकूण भार ३०.९८ टक्के पडतो. म्हणजे केवळ दोन पावत्यांच्या अभावी सुमारे ३१,२९० रुपये अधिक भरावे लागतात.

नोंदणीकृत व्यापाऱ्यास यातील एकात्मिक कराची वजावट पुढे मिळू शकते. शैक्षणिक सेवा बव्हंशी करमुक्त असल्याने महाविद्यालयास ती सामान्यतः मिळत नाही, आणि हा संपूर्ण खर्च संस्थेच्या माथी पडतो. ज्यांना वजावट मिळू शकते त्यांनी घोषणापत्रात आपला कर नोंदणी क्रमांक बिनचूक लिहिला पाहिजे. एकाच संस्थेच्या दोन राज्यांतील नोंदण्यांपैकी चुकीची लिहिली गेली तर वजावट भलत्याच खात्यात दिसते.

बंदरातील माल उतरविण्याच्या खर्चाबाबतही जुनी समजूत टिकून आहे. पूर्वी मूल्यात एक टक्का उतराई खर्च सरसकट मिळविला जाई. विप्रो प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष खर्चाऐवजी असा कल्पित आकडा धरणे अमान्य केले. त्यानंतर २०१७ मध्ये नियम बदलून आयातीच्या ठिकाणचा उतराई व हाताळणी खर्च मूल्यातून वगळण्यात आला. जुन्या नमुन्यावरून हिशेब करणारे आजही तो टक्का मिळविताना दिसू शकतात. त्याचप्रमाणे कंटेनर न्हावा शेवा येथून नागपूरसारख्या अंतर्देशीय आगारात शुल्कभरणीसाठी नेला जात असेल, तर बंदर ते आगार हा वाहतूक खर्च मूल्यात येत नाही.

याउलट काही रकमा बीजकात नसूनही मिळवाव्या लागतात. विक्रेत्याच्या दलालाचे कमिशन, विक्रीची अट म्हणून द्यावयाचे स्वामित्वधन, खरेदीदाराने विनामूल्य पुरविलेले साचे वा आराखडे ही त्यांची उदाहरणे होत. विनामूल्य नमुन्यांचे मूल्य शून्य लिहिणे ही चूकही याच गटातील आहे. पैसे दिले नाहीत म्हणून वस्तूला मूल्य नाही असे कायदा मानत नाही.

४.४ सवलत आणि मूळ देशाचा दाखला

सवलतीच्या अधिसूचनेचा केवळ क्रमांक पुरेसा नसतो, तिच्यातील अनुक्रमांकही अचूक द्यावा लागतो. अधिसूचना त्या दिवशी अमलात आहे की नाही हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. अनेक सवलतींना अंतिम तारीख असते आणि मागील वर्षीचे घोषणापत्र समोर ठेवून नवे भरताना संपुष्टात आलेली सवलत मागितली जाते. शुल्काचा दर कोणत्या दिवसाचा लागू होईल हे कलम १५ सांगते. देशांतर्गत वापराच्या मालास घोषणापत्र सादर केल्याच्या दिवसाचा दर लागतो. मात्र ते जहाज येण्यापूर्वी सादर केले असेल तर जहाजास प्रवेश मिळाल्याच्या दिवसाचा दर लागतो. अर्थसंकल्पाच्या सुमारास या तरतुदीचा विशेष विचार करावा लागतो.

मुक्त व्यापार करारांखालील सवलतीसाठी कलम २८ डीए आणि २०२० चे मूळ देशविषयक नियम लागू आहेत. केवळ दाखला जोडून आता भागत नाही. माल त्या देशात कोणत्या निकषावर 'मूळचा' ठरतो याची माहिती आयातदाराजवळ असली पाहिजे. दाखल्यावरील बीजक क्रमांक, वर्णन व सांकेतांक घोषणापत्राशी जुळत नसतील तर सवलत धोक्यात येते.

४.५ मुदत

२०२१ च्या वित्त अधिनियमानंतर जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत घोषणापत्र सादर करणे अपेक्षित आहे. काही शेजारी देशांतून येणाऱ्या मालास स्वतंत्र मुदत आहे. जहाजाच्या अपेक्षित आगमनापूर्वी ३० दिवसांपर्यंत ते आगाऊ सादर करता येते. समाधानकारक कारणाविना विलंब झाल्यास पहिल्या तीन दिवसांसाठी प्रतिदिन ५,००० रुपये आणि पुढे प्रतिदिन १०,००० रुपये आकार लागतो. म्हणजे चार दिवसांच्या विलंबाचा आकार २५,००० रुपये होतो. जहाज कंपनीचे कंटेनर भाडे आणि मालस्थानकाचे जागाभाडे वेगळे. घाईने चुकीचे घोषणापत्र भरणे आणि अचूकतेसाठी उशीर करणे या दोहोंतून सुटण्याचा मार्ग एकच : कागदपत्रे जहाज सुटण्यापूर्वी तयार ठेवणे.

५. चूक आणि खोटी घोषणा यांतील सीमारेषा

घोषित माहितीशी मालाचे मूल्य किंवा अन्य तपशील जुळत नसल्यास कलम १११ (एम) खाली माल जप्तीस पात्र ठरतो. कलम ११२ खाली दंड होऊ शकतो. जाणूनबुजून खोटी कागदपत्रे वापरल्यास कलम ११४ एए नुसार मालाच्या मूल्याच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. कमी भरलेल्या शुल्काची मागणी कलम २८ नुसार सामान्यतः दोन वर्षांच्या आत करता येते. संगनमत, हेतुपुरस्सर चुकीची माहिती किंवा माहिती दडविणे यांमुळे शुल्क बुडाले असेल तर ही मुदत पाच वर्षांची होते.

मग प्रामाणिक आयातदाराचे संरक्षण कशात आहे? नॉर्दर्न प्लास्टिक प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर प्रकाश टाकला. वस्तूचे वर्णन योग्य दिलेले असताना एखाद्या शीर्षाचा वा सवलतीचा दावा करणे हा आयातदाराच्या समजुतीचा भाग आहे. तो दावा पुढे अमान्य झाला एवढ्यावरून त्यास खोटी घोषणा म्हणता येत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. हा निर्णय स्वयंनिर्धारणापूर्वीचा असल्याने आज आयातदाराकडून अधिक दक्षतेची अपेक्षा केली जाते, हे लक्षात ठेवावे लागेल. तरीही त्यातील तत्त्व मोलाचे आहे. वस्तुस्थिती सांगणे आणि त्या वस्तुस्थितीला कायदा लावणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दुसरीत मतभेद संभवतो, पहिलीत नाही. ज्याने वस्तुस्थिती पूर्णपणे मांडली त्याच्यावर लपवाछपवीचा आरोप ठेवणे कठीण जाते. सविस्तर वर्णनाचे खरे महत्त्व यात आहे.

६. झालेल्या त्रुटीची दुरुस्ती

चूक लक्षात आल्यावर गप्प बसणे हा सर्वांत महागडा मार्ग होय. कलम १४९ खाली घोषणापत्रात दुरुस्ती मागता येते. माल सोडविल्यानंतरची दुरुस्ती मात्र त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदोपत्री पुराव्याच्या आधारेच होऊ शकते. नंतर मिळविलेला खुलासा येथे उपयोगी पडत नाही. म्हणून सौद्याशी संबंधित पत्रव्यवहार जपून ठेवणे आवश्यक आहे.

जादा भरलेल्या शुल्काच्या परताव्यासाठी कलम २७ नुसार एक वर्षाची मुदत आहे. तथापि आयटीसी प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्वयंनिर्धारण हाही एक आदेशच असून तो योग्य मार्गाने बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही. २०२५ च्या वित्त अधिनियमाने कलम १८ ए समाविष्ट करून आयातदारास माल सोडविल्यानंतरही आपल्या घोषणेत स्वेच्छेने सुधारणा करण्याची वाट दिली आहे. लेखापरीक्षण किंवा तपास सुरू झाल्याची सूचना मिळण्यापूर्वी पाऊल उचलणे येथे महत्त्वाचे ठरते. कमी भरलेले शुल्क वार्षिक १५ टक्के व्याजासह स्वतःहून भरणाऱ्याची गणना आणि तपासात सापडणाऱ्याची गणना कायदा वेगळी करतो.

७. त्रुटी टाळण्यासाठी उपाययोजना

वरील विवेचनावरून एक बाब लक्षात येते. बहुतेक त्रुटी घोषणापत्र भरताना दृश्य होतात, पण त्यांचा उगम खरेदी आदेशाच्या वेळीच झालेला असतो. त्या दृष्टीने पुढील क्रम उपयुक्त ठरेल :

१) मागणी नोंदविण्यापूर्वी वस्तूचे तांत्रिक माहितीपत्रक मिळवून भारतीय दरपत्रकातील आठ अंकी शीर्ष निश्चित करावे आणि आयात धोरणातील अटी तपासाव्यात.
२) वर्गीकरणाबाबत गंभीर शंका असल्यास सीमाशुल्क अग्रिम अधिनिर्णय प्राधिकरणाकडे जावे. त्याचे एक कार्यालय मुंबईत आहे.
३) खरेदी आदेशात सौद्याची अट, चलन, भाडे व विमा कोण देणार हे स्पष्ट लिहावे आणि भाड्याचे व विम्याचे पुरावे मागावेत.
४) माल जहाजावर चढण्यापूर्वी बीजक, वेष्टनसूची व भरणपत्र यांचे मसुदे एकमेकांशी ताडून पाहावेत. लाकडी खोकी असतील तर त्यांवर आयएसपीएम १५ या मानकाची प्रक्रिया-खूण असल्याची खात्री करावी.
५) जहाज सुटताच घोषणापत्राची यादी तयार करून ती भरणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने मूळ कागदांवरून तपासावी.
६) पुरेशी माहिती नसताना अंदाजाने घोषणा करू नये. आधी माल तपासण्याची विनंती किंवा कलम १८ खालील तात्पुरते निर्धारण हे मार्ग कायद्यानेच दिले आहेत.
७) माल सोडविल्यानंतर पंधरवड्यात घोषणापत्र पुन्हा एकदा वाचावे. दुरुस्तीची मुदत हातात असतानाच चूक सापडणे हिताचे असते.

परवानाधारक सीमाशुल्क दलालाची मदत घेणे व्यवहार्य आहे. परंतु दलालास मालाची माहिती आयातदाराकडूनच मिळते. अपुऱ्या माहितीवर सही करून सर्व काम त्याच्यावर सोपविल्याने आयातदाराची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. अंतिम सादरीकरणापूर्वीची तपासणी-प्रत मागून घेऊन ती वाचणे हा आयातदाराचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

उरण, पनवेल, नवी मुंबई परिसरातील अनेक वाणिज्य पदवीधरांना बंदराशी निगडित कार्यालयांत दस्तऐवज-सहायक म्हणून काम मिळते. त्यांनी भरलेल्या एका रकान्यावर कोणाचा तरी लाखो रुपयांचा माल अवलंबून असतो. अशा विद्यार्थ्यास बिल ऑफ एन्ट्रीची व्याख्या पाठ असून उपयोग नाही. काल्पनिक बीजक, वेष्टनसूची आणि भरणपत्र यांचा संच देऊन त्यातील विसंगती शोधावयास सांगणे, एकाच वस्तूचे वर्गीकरण दोन गटांकडून करवून घेऊन त्यावर चर्चा घडविणे, एफओबी व सीआयएफ मूल्यांवरून शुल्काचा हिशेब मांडणे, हे उपक्रम वर्गात विनाखर्च घेता येतील. कंटेनर क्रमांकाच्या तपास-अंकाचा धडा तर गणित व संगणकशास्त्र विभागांच्या सहकार्यानेही घेता येईल. महाविद्यालयाच्या खरेदी समितीत वाणिज्य विभागाच्या प्राध्यापकास स्थान असेल तर परदेशी उपकरणांच्या खरेदीत या ज्ञानाचा थेट लाभ संस्थेस मिळू शकतो.

९. समारोप

आयात घोषणापत्र हे वरवर एक प्रपत्र भासले तरी कायद्याच्या दृष्टीने ते आयातदाराने राज्यसंस्थेस दिलेले सत्यतेचे वचन आहे. स्वयंनिर्धारणाने आयातदारावर विश्वास टाकला आणि त्याचबरोबर चुकीचा भारही त्याच्याच खांद्यावर ठेवला. मालसूचीतील विसंगती, मोघम वर्णन, उसने घेतलेले सांकेतांक, सौद्याच्या अटींचे अज्ञान, कालबाह्य सवलती आणि मुदतीचा विसर ही त्रुटींची प्रमुख कारणे होत. यांपैकी एकही कारण असे नाही की जे वेळेवर केलेल्या तपासणीने दूर होणार नाही. कागद जहाजाच्या आधी पोहोचावा, वर्णन पूर्ण असावे आणि चूक दिसताच ती स्वतःहून सांगावी, ही तीन पथ्ये पाळली तर लहान आयातदारासही या व्यवस्थेत निर्धास्तपणे वावरता येईल, असे म्हणता येते.